वापर : खानावळ

लालबाग, ८ जानेवारी

शंतनु,

व्हॉट्सअॅपवर तू वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे मेलवर, सविस्तर. तू वाचलंस की नाही ते मेलमध्ये कळत नाही, तेवढी तुझी सोय.

पहिल्याच दिवशी तू मला बजावलं होतंस की 'सर' म्हणायचं नाही, 'वास्तुनोंद' प्रकल्पात सगळे सारखे. तेव्हा 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळायची. आज अजिबात अडखळत नाहीये.

संरक्षित इमारतींच्या यादीची फेरतपासणी चालू आहे, हे तुला माहीत आहे. मसुदा परवा जाहीर झाला. आपण गिरगावपासून परळपर्यंत हिंडून ज्या इमारतींची माहिती गोळा केली त्यातल्या बहुतेक यादीत राहिल्या. वगळायच्या इमारतींमध्ये एक नाव आहे : गोवर्धन कानजी चाळ, लालबाग. म्हणजे आमची चाळ. गिरणी कामगारांच्या जुन्या खानावळींमुळे हिला सगळे खानावळीची चाळ म्हणतात. शेजारी कारण दिलंय, ते जसंच्या तसं उतरवते : "ज्या सामाजिक वापरासाठी ही इमारत यादीत घेतली होती, तो वापर आता उरलेला नाही. आधार : वास्तुनोंद सर्वेक्षण. तळमजला, वापर : निवासी."

आपलं सर्वेक्षण यादीच्या समितीकडे गेलं कसं? आम्हाला तू सांगत होतास की माहिती अजून कच्ची आहे, बाहेर काढायची नाही. आणि दारोदार जाऊन आपण लोकांना काय सांगत होतो? "ही माहिती सगळ्यांना बघता येईल. तुम्हालासुद्धा." त्या शब्दावर लोकांनी दारं उघडली. आमच्या चाळीतल्या मालनकाकूंनी भरलेलं कपाट सरकवून मागचा बिडाचा खांब दाखवला, तो का? तू मोजून घे आणि परदेशातल्या तुझ्या विद्यापीठात घेऊन जा म्हणून नव्हे.

ज्यांची घरं आहेत त्यांना फाइल बंद आणि ज्यांच्या हातात निकाल आहे त्यांना उघडी, याला खुली माहिती म्हणतात का?

हरकती फेब्रुवारीअखेरपर्यंत घेणार आहेत. नाव यादीतून गेलं की पाडताना मालकाला कुणाला विचारावं लागणार नाही. उत्तर दे.

आकांक्षा


१५ जानेवारी

शंतनु,

उत्तर मिळालं. चार ओळींचं, पण मिळालं.

तुझं म्हणणं मला असं समजलं : माहितीचं पहिलं प्रकाशन तुझ्या प्रबंधाच्या पेपरमध्ये होणार, पेपर तपासायला गेलाय, तोवर फाइल बंद. समितीने मागितलं म्हणून एक तक्ता विश्वासाने दिला. आणि आमच्या चाळीबद्दल, "डेटाच्या बाहेरचं आपण बोलू शकत नाही."

हे शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलेलं नाही. ती विचारेल, "मगे तो जेवलो खय?"

कुठे जेवलास, शंतनु? सर्वेक्षण चालू होतं ते सगळे महिने दुपारचं जेवण तू आमच्या खोलीत जेवलास. दारातूनच "काकू, सोलकढी आहे ना?" असं ओरडायचास. भाताचा दुसरा वाढा कधी सोडला नाहीस. आमच्या खानावळीत एक पद्धत आहे : जो रोजचा झाला त्याच्या नावाचं ताट होतं. आईने भांड्यांच्या दुकानातून तुझं नाव कोरून आणलं, तेव्हा तू त्या ताटाचा फोटो काढून तुझ्या माटुंग्याच्या घरी पाठवलास आणि म्हणालास, "आता मी गिरणगावचा झालो."

तू म्हणशील, 'निवासी' ही नोंद केली कुणी? तूच ना?

हो, मीच. कशी केली तेही वाच, कारण ते तुझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आमच्या चाळीत हातात कागद-पेन घेऊन कुणीही आलं की सगळ्या दारांतून एकच उत्तर येतं : आम्ही इथे राहतो. बस. लाइटवाला असो, मतदार यादीवाला असो, राहतो. कारण भाडेकरार राहण्यासाठी आहे. मी लहान असताना आमच्या शेजारच्या बाईंनी खोलीत शिलाई मशिनं घातली, मालकाने 'वापर बदलला' म्हणून नोटीस दिली, आणि खटल्याला कंटाळून ती बाई गावी निघून गेली. तेव्हापासून आईच्या खानावळीला पाटी नाही. दाराबाहेर चपला दिसतात तेवढ्याच. लोक चपला बघून येतात.

मी फॉर्म घेऊन माझ्याच दारात उभी राहिले. विचारलं, "वापर?" आई म्हणाली, "रवतो. लिही." आणि मी 'निवासी' लिहिलं. आत तव्यावर बांगडे होते. आम्ही दोघी हसलोसुद्धा नाही. तिने मला सरकारी माणूस समजून उत्तर दिलं आणि मी तिची मुलगी म्हणून ते लिहून घेतलं. या चाळीत वाढलेल्या माणसाच्या हातून दुसरं काही लिहून झालंच नसतं.

चूक झाली. पण ती टिकली कशी ते बघ. माझी प्रत्येक नोंद तू तपासलीस. कठड्यावर मी 'नक्षी' लिहिलं होतं, ते खोडून तू 'द्राक्षवेल' केलंस. आणि 'निवासी' या शब्दावरून तुझी नजर तशीच पुढे गेली. पोटात त्याच खोलीतला भात होता.

ही ओळ उघड असती ना, तर आमच्याकडे जेवणाऱ्या कुणीतरी ती मोबाइलवर वाचून पहिल्याच आठवड्यात खो खो हसत दुरुस्त केली असती. कपाटात ठेवलेली चूक कोण दुरुस्त करणार? मला म्हणून ती उघडी हवी. ती बरोबर आहे असं मी कुठे म्हणतेय?

आकांक्षा


२ फेब्रुवारी

शंतनु,

आईला सांगितलं.

दुपारची पंगत उठली होती, ती ताटं विसळत होती. मी मसुदा वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिवलंस तर लिवलंस. आता काय तेचा?"

"आई, त्या एका शब्दावरून चाळ यादीतून काढतायत."

"काढूदेत. आणि खानावळ लिवलंस नि मालकान माका नोटीस धाडली, तर तुजी यादी येतली काय माका सोडवक?"

याचं उत्तर शोधतेय. तुझ्याकडे असेल तर पाठव.

निलेश जेवत होता. माझा भाऊ आठवतोय ना, कुरियरवाला? त्याला वाटतं मी वेडी आहे. "ताई, तुला खांब दिसतात, द्राक्षं दिसतात. मला सकाळी संडासची लाइन दिसते. ही पडली तर घरात संडास येईल. तुझ्या त्या हेरिटेजला सांग, एक दिवस बालदी घेऊन माझ्यामागे उभं राहा."

खोटं काय आहे त्यात? संडासाच्या रांगेत मीही उभी राहते. अभ्यासाचं पुस्तक घेऊन उभी राहिलेय.

मी काही बोलायच्या आत आईनेच त्याला विचारलं, "आणि मगे माझी माणसां जेवक खय जातली? तुझ्या बिल्डिंगचो लिफ्टवालो सोडतलो तेंका वर?"

तिची माणसं म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे. मॉलचे वॉचमन. गावाहून पेशंट घेऊन आलेले आणि हॉस्पिटलच्या दारात पथारी टाकून राहिलेले नातेवाईक. गिरणीच्या काळापासून जेवणारे दोघे-तिघे म्हातारे, ज्यांना आता दात नाहीत, म्हणून आई त्यांची भाकरी कुस्करून ठेवते. टॉवरमध्ये खोली मिळेल. खानावळ मिळणार नाही. हे तिला माझ्याआधी कळलं होतं, फक्त ती बोलली नव्हती.

निलेश ताट घेऊन उठला. जाताना म्हणाला, "करा मग. दोघी मिळून म्युझियम करा."

तर आता असं आहे. 'खानावळ' लिहिलं तर मालक तिच्या मागे लागेल. नाही लिहिलं तर चाळच जाईल. तिच्या जिवावर मी शूर होणार नाही. ती हो म्हणेपर्यंत तो शब्द बदलणार नाही, हे मी तिला सांगितलंय आणि तुलाही सांगते. पण 'निवासी' तपासून पाठवणारा तू होतास. समितीला एक ओळ लिही की मी तिथे जेवलोय. कुणाचं नाव नको, खोली नको. तेवढ्याने तुझा पेपर बुडणार नाही.

आकांक्षा


१४ फेब्रुवारी

शंतनु,

समितीला लिहायचं सोडून तू मला फोन केलास. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुझ्या वाक्यांना घाई असते. म्हणून फोनची उत्तरं लेखी देते.

तू म्हणालास, "आकांक्षा, थोडा प्रॅक्टिकल विचार कर ना." तुझ्या पेपरवर माझं नाव दुसरं येईल. पुढच्या शिक्षणासाठी मला जी शिष्यवृत्ती हवी आहे, तिचं शिफारसपत्र तू तयार ठेवलंयस. फक्त फाइल उन्हाळ्यापर्यंत थांबवायची. आणि शेवटी, अगदी मऊ आवाजात : "तुझ्या घरात पहिली ग्रॅज्युएट तू. एवढ्यावर थांबू नकोस."

हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. मी बीएस्सी झाले तेव्हा आमच्या जिन्याखालच्या फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलं होतं. पाणी कधी येणार, कुणाचं बारावं, दहावीला कोण पास, हे सगळं तिथेच लिहितात. चाळीच्या मंडळाचे कार्यवाह ते पुसायला तयार नव्हते. तो माझा मान ज्या फळ्यावर लिहिला गेला, त्याची भिंत पाडायला लावणारी माहिती माझ्या नावाने बंद ठेवायची, आणि त्याच्या बदल्यात पुढे शिकायला जायचं. शिकून पुन्हा करायचं काय? जुन्या इमारती वाचवायच्या?

शिफारसपत्र नको. खरंच नको. मला ती शिष्यवृत्ती किती हवी होती ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून तूच तिची किंमत लावलीस.

दुसरी गोष्ट. सर्वेक्षणाला ज्यांनी पैशाची मदत दिली त्यांची अट होती : काम पुरं झालं की माहिती सर्वांसाठी खुली करायची. तो करार तूच मला वाचून दाखवला होतास, किती अभिमानाने! काम डिसेंबरात पुरं झालं. 'डेटा व्यवस्थापक' हे माझं पद, आणि फाइल प्रकाशित करायचा अधिकार, दोन्ही तू मला दिलंयस. मी चोरी करणार नाहीये. तू मला नेमलंस ते काम करणार आहे.

राजीनामाही देणार नाही. काढायचं असेल तर काढ. कारण मात्र लेखी दे.

आकांक्षा


२२ फेब्रुवारी

शंतनु,

ही हकिकत कळवायची गरज नव्हती. पण इतके दिवस काही चांगलं घडलं की पहिलं तुलाच सांगायची सवय आहे. ती एकदम जात नाही.

रविवारी सकाळी मी फळा पुसला आणि आपल्या फाइलमधली आमच्या चाळीची ओळ त्यावर खडूने लिहिली. एकाखाली एक. नाव. दर्जा. बांधकाम वर्ष. खांब. कठडा. जिना. स्थिती. वापर. वर लिहिलं : ही माहिती लवकरच सगळ्यांसाठी प्रसिद्ध होणार आहे. चूक असेल तर इथेच दुरुस्त करा. खडू दोरीला बांधून ठेवला.

कार्यवाह आले. "अगं, मंडळाची मीटिंग कुठे लिहू मी?"

म्हटलं, "काका, पायरीवर लिहा. वाचल्याशिवाय कुणी चढणार नाही."

दुपारपर्यंत जिन्यात ही गर्दी. बांधकाम वर्षावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एकाचा आजा चाळीचा पाया खणायला होता, दुसऱ्याचा बाप. "तुझो आजो तवा मालवणात कुळीथ खाय होतो!" जिना सागवानी नाही, मधे आग लागली तेव्हा बदलला, हे कळलं. आपण सागवान लिहिलं होतं, तूच तपासलं होतंस. कठड्यावर द्राक्षं नसून करवंदं आहेत असं मालनकाकूंचं ठाम मत आहे. मी वाद घातला नाही. दोन्ही लिहून ठेवलंय.

निलेश कामावरून आला, वाचत उभा राहिला. मग खडू घेऊन 'स्थिती' समोर लिहिलं : "मजल्याला एक संडास, तोपण तुंबलेला. हे लिहायची हिंमत आहे का?" माझ्याकडे न बघता आत गेला. आहे हिंमत. ते जसंच्या तसं फाइलमध्ये घातलंय. संरक्षित इमारतीत माणसांनी बालदी घेऊन उभं राहायचं, ही तिच्या स्थितीचीच नोंद आहे. ती दिसली तर दुरुस्तीसाठी कुणाला तरी धरता येईल.

'वापर' समोर मात्र 'निवासी' तसंच होतं. सगळे तिथपर्यंत वाचत यायचे आणि खडू सोडून द्यायचे. खानावळीत जेवून, हात पुसत, तो शब्द वाचून माणसं गप्प निघून जात होती. आमची सवयच तशी आहे.

सोमवारी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले. 'निवासी' पुसलेलं नव्हतं. त्याच्यापुढे, ओळ थोडी खाली घसरत, लिहिलं होतं : "आणि खानावळ. कौसल्या मेस्त्री, तळमजला."

अक्षर आईचं. ती चौथीपर्यंत शिकली आहे, 'ळ' काढायला अजून तिला वेळ लागतो. हा फळ्यावरचा 'ळ' चांगला मोठा होता.

मी आत आले. ती नारळ खवत होती. म्हणाली, "काय बगतंस? चूक आसात तर दुरुस्त करा, असा तूच लिवलंस ना?"

"आई, नाव कशाला घातलंस? नावाची गरज नव्हती."

"चपलां किती वर्सां भायर ठेवतलंय? एकदा माका पण भायर येव दे."

दुपारी मालकाचे मेहताजी भाड्याला आले. फळ्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आत डोकावून म्हणाले, "कौसल्याबेन, ही खानावळ कधी चालू झाली?"

आई म्हणाली, "तुमी नोकरीक लागुच्या आदी. बसा, बांगडो तळलेलो आसा."

"मालकांना सांगावं लागेल."

"सांगा. जेवन सांगा, नायतर उपाशी सांगा."

ते जेवले नाहीत. फळ्याचा फोटो काढून गेले. नोटीस येईल. आम्हाला माहीत आहे. पण संध्याकाळी फळ्यावर आणखी ओळी होत्या. "आणि मसाला कुटून मिळेल. मालन." त्याखाली, "आणि शिलाई." शिलाईखाली नाव नव्हतं. मी विचारलं नाही. शिलाई कुणाची ते सगळ्या चाळीला माहीत आहे.

आकांक्षा


१ मार्च

शंतनु,

फाइल काल प्रसिद्ध झाली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, आपण पाहिलेली प्रत्येक इमारत. कुणीही उतरवून घ्यावी, वापरावी, चुका दाखवाव्यात. संकलनात तुझं नाव पहिलं आहे, कारण काम तू उभं केलंस आणि ते खरं आहे. माणसांची नावं सगळीकडून काढली आहेत. आईचं नाव तेवढं तिच्या आग्रहाने ठेवलं. ती म्हणाली, "काढलंस तर परत फळ्यार लिवीन."

आपली जुनी चूक खोडलेली नाही. फाइलच्या बदलांच्या नोंदीत ती दिसते : आधी 'निवासी', आता 'निवासी व खानावळ'. बदल कुणी केला, आकांक्षा मेस्त्री. आधीची नोंद कुणी केली, आकांक्षा मेस्त्री. कुणी तपासली, तू. लोकांनी बघावं. आपण चुकलो आणि उघड्यावर दुरुस्त केलं, यात मला लाज वाटत नाही. तुझं तू बघ.

हरकत मुदतीत दिली. खाली सह्या आहेत, जेवणाऱ्यांच्यासुद्धा. निलेशने सही केली नाही, पण अर्ज नेऊन त्यानेच दिला. म्हणाला, "कुरियर आहे, पोचवणं माझं काम."

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. मला कळलंय की समितीने तुला तज्ज्ञ म्हणून ऑनलाइन बोलावलंय. मीही असेन, आईला घेऊन. तुला विचारतील, त्या तळमजल्यावर खानावळ आहे का. आता ते डेटाच्या बाहेर नाही. तुला बिनधास्त बोलता येईल.

फाइलला अजून जोडायचे आहेत ते फोटो बघून घे. आमच्या चाळीचे पाच आहेत. दर्शनी बाजू, बिडाचा खांब, कठडा (द्राक्षं की करवंदं, ठरव), जिना, आणि शेवटचा आमच्या खोलीतला. चूल, पाट, आणि भिंतीशी लावलेली रोजच्या माणसांची ताटं. फोटो काढायच्या आधी आईने सगळी घासून, पुसून, एकावर एक रचली. सगळ्यात वर तुझं आलं. नाव स्वच्छ वाचता येतं.

माणसांची नावं काढायचा नियम मीच केलाय, म्हणून ते ताट खाली सरकवायला मी हात पुढे केला. आई म्हणाली, "तेका विचार आदी."

म्हणून विचारते. सुनावणीपर्यंत कळव : काढू, की राहू दे?

आकांक्षा मेस्त्री
तळमजला, खानावळीची चाळ, लालबाग